नाण्यातला दोष टांकसाळीतला की नंतर कुणी केलेला, कसं ओळखायचं?

मेघना_लालबाग

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या काकांनी आयुष्यभर जमवलेला नाण्यांचा डबा आता माझ्याकडे आलाय. काका गिरणीत होते, पगाराच्या चिल्लरमधून काही वेगळं दिसलं की बाजूला काढायचे, बाकी कुठे लिहून वगैरे ठेवलेलं नाही. आता डब्यात बरीच नाणी "बिघडलेली" आहेत आणि काका म्हणतात हीच खरी किमती. एक १९७७ चं चाराण्याचं नाणं आहे त्याच्या काठाला कमानदार खाच आहे. एक तांब्याचा पाव आणा आहे त्याच्या दोन्ही बाजूंना राजाचं तोंड, पण एका बाजूचं उलटं आणि आत गेलेलं. १८६२ चा राणीचा रुपया, त्यावर बारीक टिंबं आणि दोन-तीन छोटे घाव. भोकाचा पैसा, भोक एका बाजूला सरकलेलं. एक शिवराई, अर्धी अक्षरं गायब. आणि स्टीलचं दोन रुपयांचं नाणं, मधोमध एक रेघ.

मला विकायचं नाहीये. काकांना बसून नीट सांगायचंय की यातलं कुठलं टांकसाळीत तसं झालं आणि कुठलं बाहेर आल्यावर. यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण लाखांचे आकडे सांगतो, ओळखायचं कसं ते कुणीच सांगत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

खणखणीत

जागा पकडून बसतो. फिटर काका कुठायत?

दादर_टीटी

लाखांचे आकडे सांगणाऱ्यांपासून लांब राहा ताई. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदीच्या नावाने रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो वापरून लोकांकडून कमिशन आणि टॅक्स मागत होते, त्यावर खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं की आमचा या प्रकाराशी काही संबंध नाही. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांकडून वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्यासाठी "रजिस्ट्रेशन फी" मागितली होती, वेळेवर मुलाच्या लक्षात आलं म्हणून वाचले.

फिटर_परळ

आलो आलो. मेघना, प्रश्न एकदम योग्य विचारलास. मी नाणेतज्ज्ञ नाही, पण आयुष्य प्रेस शॉपमध्ये डाय बसवण्यात गेलं त्यामुळे नाणं हातात आलं की मला आधी प्रेस दिसतो. तूही तसंच बघायला शीक, बाकी सगळं त्यातून येतं.

नाणं कसं बनतं ते आधी डोक्यात ठेव. धातूची लांब पट्टी, तिच्यातून गोल चकत्या कापतात. चकतीचा काठ दाबून थोडा उभा करतात. मग भट्टीत तापवून मऊ करतात. मग ती चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते, खाली एक डाय म्हणजे नक्षी उलटी कोरलेला ठसा, वर एक डाय, आणि एक ठोका. ठोका पडला की धातू वाहतो. हो, घट्ट धातूसुद्धा त्या दाबाखाली वाहतो आणि डायच्या खोलगट जागेत जाऊन भरतो. म्हणून दोष बघितला की एकच प्रश्न विचारायचा, इथला धातू कुठे गेला? टांकसाळीतल्या दोषात त्याचं उत्तर मिळतं, कारण चकती कापताना, काठ उभा करताना किंवा ठोक्यात काय झालं ते धातूवर उमटलेलं असतं. बाहेर कुणी कापलं, घासलं, ठोकलं असेल तर तयार नक्षीच्या वरून ते झालेलं असतं, आणि ते दिसतं.

आता तुझं दोन रुपयांचं नाणं. रेघेवरून नख फिरव. रेघ वर उठलेली असेल तर डायला तडा गेला होता, त्या तड्यात धातू शिरला आणि नाण्यावर उंचवटा आला. आत गेलेली असेल आणि कडेला बारीक धार लागत असेल तर तो ओरखडा, कारण खरवडलेला धातू बाजूला ढकलला जातो. इतकं सोपं आहे. दहा पटीचं भिंग घे, लोहार चाळीत किंवा फोर्टात सहज मिळेल, आणि दिवा एका बाजूने तिरका पाड. वरून थेट उजेड टाकलास तर उंच-खोल कळत नाही, उलटंच दिसतं.

गिरगावची_रश्मी

तिरका उजेड, अगदी. मोबाईलच्या फोटोत तर आत गेलेलं कित्येकदा वर आलेलं दिसतं आणि मग ग्रुपवर दोन तास भांडणं. फोटो टाकताना उजेड कुठल्या बाजूने आहे ते लिहाच.

शिवराई_शोधक

शिवराईबद्दल मी सांगतो. अर्धी अक्षरं गायब असणं हा शिवराईचा दोष नव्हेच. ती हाताने पाडलेली नाणी, खाली ठसा, वर ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा आणि हातोडा. कॉलर नाही. ठसा बऱ्याचदा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे "श्री राजा शिव" आणि मागे "छत्र पति" पूर्ण एकाच नाण्यावर आलं तर नशीब समजायचं. कुठे "श्री रा" तर कुठे नुसतं "पति". पुढे पेशवाईत आणि नंतरही शिवराया पडत राहिल्या, दुदांडी शिवराई घ्या, तिच्यावरही अक्षरं अशीच कापलेली सापडतात. म्हणून अशा नाण्याला "ऑफ सेंटर एरर" म्हणून विकणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, त्याला एकतर कळत नाही किंवा तो फसवतोय.

अण्णा_विरार

शोधक, एवढं ठामपणे म्हणू नका. दोनदा ठोकलेल्या शिवराया असतात, एकावर एक अक्षरं चढलेली. त्याला दोष नाही म्हणणार? ठोका तर चुकलाच ना.

शिवराई_शोधक

अण्णा, दोनदा ठोकलेली मान्य, ती वेगळी आणि अभ्यासायला फार छान असतात, कारण आधीच्या नाण्यावरच पुन्हा ठसा मारलाय का तेही त्यातून कळतं. माझं म्हणणं फक्त अक्षर कापलं जाण्यापुरतं आहे. हाताने पाडलेल्या नाण्याला मशीनच्या नाण्याचे नियम लावले की सगळंच चूक दिसायला लागतं.

फिटर_परळ

शोधकांचं बरोबर आहे. कॉलर नसेल तर सेंटर कुठून येणार. तो कारागीर वाईट होता असा त्याचा अर्थ होत नाही, त्याचं काम धातू आणि वजन बरोबर ठेवायचं होतं.

गिरगावची_रश्मी

मेघना, १८६२ चा रुपया काळजीने ठेव हं. टिंबं म्हणजे दोष नाहीत, अभ्यासकांना त्यात फार रस असतो. त्या रुपयावर तारीख बरीच वर्षं १८६२ अशीच राहिली, १८७४ पासून पुन्हा त्या त्या वर्षाचा आकडा यायला लागला. मधल्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीने वर्ष दाखवायला टिंबं वापरली, म्हणून कुठे एक, कुठे दोन, कुठे वर-खाली जास्त. टिंब मोजून लोक रुपयाचं वर्ष लावतात. भिंगाखाली टिंब गोल आणि वर उठलेलं हवं, मळाचा कण नको.

आणि ते छोटे घाव बहुतेक सराफांचे. चांदी आतपर्यंत आहे की वरून मुलामा, ते बघायला सराफ छोटी छिन्नी मारून बघायचे किंवा आपला शिक्का उठवायचे. तो नंतरचा घाव, म्हणजे टांकसाळीतला दोष नव्हे, पण माझ्यासाठी तो रुपया त्यामुळे अजून बोलका होतो, कुठल्यातरी पेढीवर कुणीतरी त्याच्यावर शंका घेतली आणि तो पास झाला.

खणखणीत

पण पास झाला कशावरून? वाजवून बघा मेघनाताई! खरा खणखणीत, खोटा बद्द. माझं नावच त्यावर आहे.

केमिस्ट_मुलुंड

वाजवणं ठीक, पण तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, त्यामुळे त्यावरच भरवसा नको. वजन करा. राणीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. झीज झाली असेल तर थोडं कमी येईल. आता त्यापुढची परीक्षा, घरी करता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने सारलं. ०.९१७ शुद्धतेच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास, म्हणजे पूर्ण वजनाच्या रुपयाला आकडा १.१३ च्या जवळ यायला हवा. तेवढ्याच वजनाचा पितळेचा रुपया असेल तर आकडा १.३ च्या पुढे जातो. नाण्याला चिकटलेला बुडबुडा आधी झटका, नाहीतर चुकीचं येईल.

ओतलेल्या खोट्या रुपयाला भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, हवेचे बुडबुडे फुटून झालेले, आणि काठाला कधी कधी साच्याचा जोड. टांकसाळीत ठोकलेल्या नाण्याच्या सपाट भागात असे गोल खड्डे नसतात.

दादर_टीटी

पितळेचं बोललात म्हणून अवांतर: ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची हनुमान छाप किंवा रामदरबार छाप नाणी कुणाकडे असतील तर ती कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. १६१६, १७१७ असे सालही असतात त्यावर. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवायची असतील तर जरूर ठेवा, पण "तांदूळ ओढणारं नाणं" म्हणून पैसे मोजू नका.

खणखणीत

आमच्याकडे आहे एक. तांदूळ काय, तुरीची डाळपण ओढत नाही.

मेघना_लालबाग

किती भराभर उत्तरं! रुपया वाजवला, खणखणीत आहे :) काटा मागवते. दोन रुपयांवरची रेघ नखाला वर लागतेय, म्हणजे डायला तडा? आणि रेघ एका काठापासून निघून आकड्याच्या मधून दुसऱ्या काठाजवळ जाते, आकड्यावरूनही उठलेलीच आहे.

फिटर काका, पाव आणा आणि चाराणे राहिलेत.

फिटर_परळ

आकड्यावरूनही उठून सलग जाते म्हणजे तडाच. डाय लाखो ठोके खातो, थकतो, तडकतो. थोडा तडा असला तरी काम चालू ठेवतात. पूर्ण आडवा गेलेला तडा चांगला नमुना आहे, जपून ठेव. याची गंमत अशी की त्याच डायची पुढची नाणी सापडली तर तडा वाढत गेलेला दिसतो, आणि शेवटी काठाजवळचा तुकडाच पडला तर तिथे नक्षीच्या जागी नुसता सपाट फुगवटा येतो.

पाव आण्याबद्दल. ठोका पडल्यावर नाणं बाहेर न पडता वरच्या डायला चिकटून राहिलं आणि खाली नवीन चकती आली तर त्या नव्या चकतीवर एका बाजूला नीट छापा पडतो आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा ठसा, उलटा आणि आत गेलेला. बाजारात याला लखी म्हणतात. पण इथे सावध. हे सगळ्यात जास्त खोटं बनवतात. दोन नाणी शिकंज्यात धरून आवळली की एकाच्या पाठीवर दुसऱ्याचा ठसा उठतो. खरं-खोटं असं ओळख. राजाची सरळ बाजू, म्हणजे उठलेली, ती चपटी झालीये का? शिकंज्यात ती बाजू दाबली जाते आणि नाक, केस, मुकुट चेपतात. मग आत गेलेल्या बाजूला मूळच्या मागच्या बाजूची अक्षरं पुसट कुठे शिल्लक आहेत का बघ. खऱ्या लखीत तिथे मागची नक्षी कधी पडलेलीच नसते. काठाजवळ जास्त शोध, तिथे शिल्लक राहतं.

अण्णा_विरार

फिटरसाहेब, मला तर वाटतं असल्या वस्तू टांकसाळीतल्या कामगारांनी मुद्दाम केलेल्या असतात आणि बाहेर काढलेल्या. मग तो दोष कसला?

फिटर_परळ

अण्णा, एखादं असेलही, पण फीड चुकणं हे प्रेसवर रोजचं असतं, त्याला मुद्दाम करावं लागत नाही. तपासणीतून सुटतात ती बाहेर येतात. कामगारावर सरसकट संशय नको, आम्ही लोकांनी गेटवर झडत्या दिलेल्या आहेत.

अण्णा_विरार

ते मान्य. झडतीचं खरंय.

केमिस्ट_मुलुंड

धातूच्या दोषांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पापुद्रा सुटणं हा चकतीचाच दोष. मिश्रधातू ओतताना आत मळी किंवा वायू अडकला, मग पट्टी लाटताना तो चपटा होऊन थर तयार होतो आणि ठोक्याने किंवा पुढे वापरात वरचा पापुद्रा निघतो. खालची जागा खडबडीत, रेषा एकाच दिशेने, कारण पट्टी त्या दिशेने लाटलेली असते. कुणी उचकटलं असेल तर जागा चकचकीत आणि हत्याराच्या खुणा. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली, ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. अशा नाण्यावर लालसर-काळे डाग दिसले तर "चुकीच्या धातूचं नाणं" म्हणून नाचू नका, तांबं वर डोकावतंय.

चुकीच्या धातूच्या नावाखाली अजून एक फसवणूक म्हणजे मोरचूदाच्या पाण्यात बॅटरी लावून स्टीलच्या नाण्यावर तांबं चढवणं. चुंबक लावा. हल्लीचं स्टीलचं नाणं चिकटतं, तांब्याचा मुलामा देऊनही चिकटतंच. मात्र १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चिकटला तर खोटा समजून फेकू नका. कप्रोनिकेलची, म्हणजे तांबं-निकेल मिश्रणाची, जुनी रुपया-चाराणे चिकटत नाहीत.

आणि "पातळ चकती" म्हणून जी नाणी विकतात त्यातली कितीतरी ॲसिडमध्ये बुडवलेली असतात. सगळी नक्षी सारखीच बुळबुळीत, काठही खाल्लेला. टांकसाळीतली खरी पातळ चकती असेल तर नक्षी कमी भरेल पण जी भरलीये ती टोकदार असेल.

गिरगावची_रश्मी

वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद छापून डब्यात ठेवण्यासारखा आहे.

बाकी रुपयावरच्या H बद्दल सांगते, १९८५ च्या रुपयावर सालाखाली H असेल तर तोही एरर नाही, तो बर्मिंगहॅमच्या हीटनच्या टांकसाळीचा. तेव्हा बाहेरून नाणी पाडून आणली होती. आपली मुंबईची खूण सालाखाली छोटा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कलकत्त्याची काहीच नाही. लोक हे टिंब बघूनही "एरर" म्हणून विकतात.

बोरिवली_लोकल

धागा वाचून पिगी बँक फोडली. एक रुपयाचं एक नाणं, छापा सरळ धरला आणि फिरवलं तर मागचा आकडा तिरका आहे. हे काय?

गिरगावची_रश्मी

पुस्तकाचं पान उलटतो तसं बाजूने फिरवा. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत दोन्ही बाजूंचं डोकं वरच यायला हवं. खालून वर फिरवलंत तर सगळीच उलटी दिसतील. बाजूने फिरवूनही तिरकं असेल तर डाय फिरलेला. थोडंसं तिरकं भरपूर सापडतं, त्याला कुणी विचारत नाही. काटकोनात किंवा पूर्ण उलटं असेल तर ठेवून द्या.

मेघना_लालबाग

काटा आला. आधी चाराणे. वजन २.३१ भरलं.

फिटर काका तुम्ही सांगाल त्याआधीच मी धातू कुठे गेला ते शोधत होते. खाचेजवळची अक्षरं कापलेली वाटत नाहीत, ती खाचेकडे जाताना बारीक आणि पुसट होत जातात. खाचेची कड गुळगुळीत आहे, कानशीच्या रेषा नाहीत. आणि एक विचित्र, खाचेच्या अगदी समोर, दुसऱ्या टोकाला काठ जवळजवळ नाहीच, सपाट झालाय. तिथे कुणी घासलंय का?

पाव आण्याच्या आत गेलेल्या बाजूला भिंगातून काठाजवळ वेलबुट्टीचा एक तुकडा दिसतोय. आणि राजाच्या सरळ बाजूचा कान चपटा आहे.

फिटर_परळ

मेघना, कुणी घासलेलं नाही. तोच तर पुरावा!

पट्टी नीट पुढे सरकली नाही की चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर चढतो, म्हणून चकतीला कमानदार खाच पडते. मग काठ उभा करायच्या मशीनमध्ये चकती दोन बाजूंनी दाबून फिरवतात. जेव्हा खाच एका बाजूला येते तेव्हा तिथे दाबायला धातू नसतो, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथला काठ उभाच राहत नाही. घरात कानशीने कुणी कितीही सुबक खाच केली तरी समोरचा काठ उठलेलाच राहणार. शिवाय ठोक्याच्या वेळी खाचेकडे मोकळी जागा म्हणून धातू तिकडे वाहतो, अक्षरं ओढली जातात, तूच लिहिलंस. कप्रोनिकेलचं चाराणे अडीच ग्रॅमचं, खाचेएवढा धातू कमी, वजनही जुळतं. शंभर टक्के टांकसाळीतलं. काकांना माझा नमस्कार सांग, गिरणीतल्या माणसाची नजर आहे ती.

पाव आणा मात्र शिकंज्यातला. वेलबुट्टीचा तुकडा शिल्लक आहे म्हणजे त्या बाजूला आधी मागची नक्षी होती. चेपलेला कान दुसरा पुरावा.

शिवराई_शोधक

वा! समोरच्या काठाचं मलाही नवीन. आज काहीतरी शिकलो.

मेघना_लालबाग

काकांना दोन्ही दाखवलं. पाव आण्याचं ऐकून म्हणाले तो भायखळ्याच्या एका ओळखीच्या माणसाने "खास" म्हणून दिला होता. चाराण्याचं भिंगातून स्वतः बघितलं, समोरचा काठ बघून दहा मिनिटं काही सोडेनात हातातून. भोकाचा पैसा राहिला.

फिटर_परळ

भोकाच्या कडेने उठलेली गोल किनार आहे का? सरकलेल्या भोकाने ती किनार आणि नक्षी एका बाजूला खाल्लेली आणि दुसऱ्या बाजूला भोकाजवळ कोरी जागा असेल, आणि भोकाची आतली भिंत जुनाट, बाकी नाण्याइतकीच काळी असेल, तर चकतीलाच भोक चुकीचं पडलं. भोक नंतर मोठं केलेलं असेल तर आतली भिंत वेगळ्या रंगाची दिसते. १९४३ ते ४७ च्या या पैशांना लोकांनी फार छळलंय.

खणखणीत

आमच्या आजोबांनी पंपाला वॉशर म्हणून लावला होता. पंप गेला, वॉशर अजून आहे.

केमिस्ट_मुलुंड

हे नाणं ब्राँझचं, मुंबईची हवा खारट. हिरवट पूड दिसली आणि कापसाने पुसली तरी काही दिवसांत परत आली तर ती क्लोराईडची कीड, तो सुंदर हिरवा थर नव्हे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि कोरडं ठेवा. चिंच-मीठ लावू नका कुणी कृपा करून, मीठच तर रोग आहे. आणि मऊ प्लास्टिकची पाकिटं असतील तर टाकून द्या, ती चिकट हिरवा थर सोडतात. कडक प्लास्टिक किंवा कागदी लिफाफा, सोबत सिलिका जेल, जूनच्या आधी बदलायचं.

नवीन_सदस्य_कल्याण

मी पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे दहा रुपयांचं नाणं आहे, मधला पांढरा भाग एका बाजूला सरकून पिवळ्या कड्यावर चढलाय. दुकानदार घेत नाही, खोटं म्हणतो.

दादर_टीटी

दुकानदारांचं सोडा, दहाची सगळी डिझाईन्स चालतात हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय, तेव्हा चौदा होती. पण तुमचं वेगळं दिसतंय. ते खर्चू नका.

फिटर_परळ

मधली चकती आणि बाहेरचं कडं एकाच ठोक्यात जोडले जातात, त्याच ठोक्यात नक्षीही पडते. चकती कड्यात नीट न बसता ठोका पडला तर ती कड्यावर चढते, आणि मग नक्षी त्या चढलेल्या भागावरूनही सलग जायला हवी. नंतर कुणी ठोकून सरकवली असेल तर नक्षी जोडावर तुटेल. दोन्ही बाजूंचा आणि काठाचा फोटो टाका, उजेड डावीकडून. वजनही लिहा, ७.७१ च्या आसपास हवं.